डिस्कवालाच घ्या!

ओळखीतल्या तीन घरांत सध्या एकच खलबत चालू आहे. पंधरा-वीस वर्षं संगणकावर गेम खेळलेली मंडळी आता कन्सोल घ्यायला निघाली आहेत. कारणही रास्त आहे. २०२१ च्या सुमारास आभासी चलनवाल्यांनी बाजारातली ग्राफिक्स कार्डं पळवली. ते निस्तरतंय तोवर २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे भाव चढवले. नवा गेम नीट चालेल असा संगणक जुळवायचा म्हणजे घरातल्या घरात अर्थसंकल्पी अधिवेशनच! त्यापेक्षा एक पेटी आणावी, टीव्हीला जोडावी आणि सोफ्यावर बसून खेळावं. इथपर्यंत मला सगळं मान्य आहे.

मान्य नाही ते पुढचं. ह्या तिन्ही घरांना भाचे, शेजारी, दुकानदार सगळे एकच सल्ला देतात. "डिजिटल घ्या, स्वस्त पडतो. डिस्क आता कोण वापरतं?"

मी वापरते. आणि संगणकावर खेळत आलेल्या माणसाने कन्सोल घ्यायचा तर डिस्कवालाच घ्यावा, ते जमत नसेल तर कन्सोल घेऊच नये, असं माझं स्वच्छ मत आहे. म्हातारीचा हट्ट म्हणून सोडून देऊ नका, आधी ऐकून घ्या.

(नात्यातल्या ज्यांना ह्या भानगडी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी: कन्सोल म्हणजे फक्त गेम खेळण्यासाठी बनवलेला संगणक. सोनीचा प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, निन्टेन्डोचा स्विच हे त्यातले तीन मोठे. एकाच कन्सोलचे बहुधा दोन प्रकार मिळतात. एकात डिस्क घालायची सोय असते, दुसऱ्यात नसते. दुसऱ्याला 'डिजिटल' असं भारदस्त नाव आहे. त्यात गेम इंटरनेटवरून कंपनीच्याच दुकानातून उतरवून घ्यायचे.)

आता मुद्द्यावर येते.

संगणकावर खेळणाऱ्याजवळ पूर्वी दोन गोष्टी होत्या. एक, मोकळं यंत्र. त्यावर काय चालवायचं ते आपण ठरवायचं, कोणाची परवानगी नको. दोन, हातात धरता येईल असा गेम. खोकं, त्यात सीडी, एक जाडजूड माहितीपुस्तक. खेळून झाला की भावाला द्यावा, मैत्रिणीच्या मुलाला द्यावा, नाहीतर कपाटात ठेवावा.

पहिली गोष्ट अजून आपल्याजवळ आहे, आणि ती किती मोलाची आहे हे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ने दाखवून दिलंय. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरात किंवा कचेरीत संगणक आला, त्यांच्यापैकी किती जणांनी त्या राजपुत्राला खड्ड्यात पाडलं असेल ह्याची गणती नाही. जॉर्डन मेकनर नावाच्या तरुणाने तो ॲपल टू ह्या यंत्रासाठी लिहिला, १९८९ साली तो बाजारात आला आणि पुढच्याच वर्षी डॉसवर. आज डॉसची यंत्रं भंगारात गेली, पण गेम गेला नाही. कारण डॉसबॉक्स नावाचं एक सॉफ्टवेअर स्वयंसेवकांनी लिहून २००२ पासून फुकट वाटलं. ते नव्या संगणकाला जुन्या संगणकाचं सोंग घ्यायला लावतं. कोणत्याही कंपनीने त्यांना सांगितलं नव्हतं, आणि कोणाला विचारायची गरजही नव्हती. यंत्र मोकळं होतं, म्हणून जमलं.

ह्या गेमची आणखी एक हकिगत आहे. त्याची मूळ लिपी, म्हणजे मेकनरने स्वतः लिहिलेला प्रोग्राम, कित्येक वर्षं हरवला होता. २०१२ साली त्याच्या वडिलांनी पाठवलेल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. जाणकारांनी त्या हळुवारपणे वाचून काढल्या आणि मेकनरने ती लिपी सगळ्यांसाठी खुली केली. वीस-बावीस वर्षांनंतर! कोणाच्या तरी घरात ती वस्तू पडून होती, एवढ्यावर हे निभावलं.

दुसरी गोष्ट, म्हणजे हातातला गेम, ती मात्र आपण संगणकवाल्यांनी कधीच घालवली. २००३ साली व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम हे ऑनलाइन दुकान सुरू झालं. २००४ साली त्यांचाच 'हाफ लाइफ २' आला. डिस्क विकत घेतली तरी स्टीमवर खातं काढून मंजुरी घेतल्याशिवाय तो चालत नसे. तेव्हा पुष्कळ आरडाओरडा झाला. मग सवय झाली. मग स्वस्ताईचे सेल आले आणि सगळे गप्प झाले. आज संगणकासाठी गेमची खरी डिस्क मिळणं हा योगायोग समजावा.

२०२४ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला. डिजिटल माल विकताना गिऱ्हाइकाला नुसता वापराचा परवाना मिळत असेल तर तसं ठळक सांगा, 'विकत घ्या' असं लिहून फसवू नका, असं त्यात आहे. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला, आणि त्याच्या आधीच, ऑक्टोबरात, स्टीमने पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. म्हणजे वीस वर्षं आपण जे 'घेत' होतो ते आपण घेतच नव्हतो, हे दुकानदाराने स्वतः लिहून दिलं!

(अपवाद आहेत. जीओजी नावाचं दुकान २००८ पासून कुलूप नसलेले गेम विकतं. उतरवून घ्या, पेन ड्राइव्हवर ठेवा, पुन्हा कोणाला विचारायला नको. त्यांना माझा नमस्कार.)

आता कन्सोलकडे या. कन्सोलचं यंत्र कधीच मोकळं नव्हतं. कंपनीची मोहोर असेल तोच प्रोग्राम त्यावर चालतो. डॉसबॉक्ससारखं काही त्यावर सुखासुखी टाकता येत नाही. तरीही लोक कन्सोल घेत आले, कारण बदल्यात दुसरी गोष्ट पक्की मिळत होती. खोक्यातला गेम. तो उसना देता येई, विकता येई, जुन्या बाजारात निम्म्या भावात घेता येई. यंत्राला कुलूप होतं, पण गेम आपला होता.

म्हणजे हिशेब असा झाला. संगणकात यंत्र आपलं, गेम बहुधा परवान्यावर. डिस्कवाल्या कन्सोलमध्ये यंत्र कुलूपबंद, गेम आपला. आणि डिजिटल कन्सोलमध्ये? यंत्रही कुलूपबंद आणि गेमही परवान्यावर. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं!

वीस वर्षं संगणकावर खेळलेल्या माणसाने मोकळं यंत्र सोडायचं, आणि त्या बदल्यात काहीच घ्यायचं नाही, ह्याला मी शहाणपण म्हणणार नाही. संगणकवाल्याने कन्सोल घ्यावा असं पूर्वी आणखी एक कारण होतं. काही गेम फक्त कन्सोलवरच मिळत. ते कारण आता पातळ झालंय. सोनीचा २०१८ चा 'गॉड ऑफ वॉर' २०२२ साली संगणकावर आला, 'द लास्ट ऑफ अस' २०२३ साली आला. मायक्रोसॉफ्ट आपले बहुतेक गेम संगणकावरही देतं. निन्टेन्डो तेवढा सोवळ्यात आहे. तेव्हा कन्सोलमध्ये आपल्यासाठी वेगळं असं उरलं काय, तर ती डिस्क. नेमकी तीच सोडून द्यायची?

"पण पैसे वाचतात ना!" बरं, पैशाचं बघू. गणिताची बाई नव्हते मी, मराठीची होते, पण एवढं येतं. प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० रुपये आणि डिजिटलची ३९,९९०. पुढे २०२२ मध्ये दोन्ही पाच-पाच हजारांनी वाढल्या, फरक दहा हजारांचाच राहिला. त्या वेळी सोनीचा स्वतःचा नवा गेम ४,९९९ रुपयांना होता. म्हणजे जो फरक 'वाचतो' तो दोन नव्या गेमइतका. आता धरून चाला, तुम्ही डिस्क घेतली, खेळलात आणि निम्म्या किमतीला विकलीत. चार गेममध्ये दहा हजार परत आले. जुनी डिस्क निम्म्या भावात घेतलीत तर त्याहूनही लवकर. त्यानंतर जेवढी वर्षं पेटी चालेल तेवढी वर्षं डिजिटलवालाच तुमच्यापेक्षा जास्त पैसे मोजत राहणार, कारण त्याच्यासाठी दुकान एकच आहे. तिथे सेल लागतात, नाही म्हणत नाही. पण सेल कधी लावायचा हे दुकानदार ठरवणार. गल्लीत एकच वाणी असला की काय होतं हे आपल्या पिढीला सांगायला नको.

खरं तर पैशाचा मुद्दा माझ्या लेखी दुय्यम आहे. माझा खरा आक्षेप दुसराच आहे.

शाळेत असताना दर वर्षी मे-जून महिन्यात मी एक गोष्ट बघत असे. पाचवीतून सहावीत गेलेला मुलगा आपली जुनी पुस्तकं चौथीतून आलेल्याला निम्म्या किमतीत देई. धाकटी भावंडं थोरल्यांची वापरत. कव्हरावर आधीच्या मुलाचं नाव खोडलेलं, समासात त्याने काढलेली चित्रं. कित्येक मुलं ह्या निम्म्या किमतीवर शिकली. प्रकाशकाने कधी येऊन म्हटलं नाही, की हे पुस्तक पहिल्या मुलाच्याच डोळ्यांनी वाचायचं होतं. पुस्तक आपलं आहे म्हणजे काय? तर ते दुसऱ्याला देता येतं. देता येत नाही ती वस्तू आपली नव्हे, ती आपल्याजवळ ठेवायला दिलेली आहे.

डिजिटल गेम देता येत नाही. भाचीला नाही, शेजारच्या मुलाला नाही, आणि (बोलू नये पण बोलते) आपल्या मागे नातवंडांनाही नाही. स्टीमच्या करारात खातं दुसऱ्याच्या नावे करता येत नाही असं स्वच्छ लिहिलंय. मृत्युपत्रात घर लिहिता येतं, पाटल्या लिहिता येतात, पुस्तकांचं कपाटही लिहिता येतं. हौसेने वर्षानुवर्षं जमवलेले शंभर गेम मात्र माणसाबरोबर जातात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ही गोष्ट तरुणांपेक्षा लवकर दिसते, एवढाच काय तो फरक.

कंपन्यांना हे कळत नाही असं नाही. चांगलं कळतं. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला, तेव्हा यंत्राने दर चोवीस तासांनी इंटरनेटवर हजेरी लावायची आणि जुन्या गेमच्या देवघेवीवर बंधनं, असा बेत होता. लोक इतके खवळले की कंपनीने त्याच जून महिन्यात तो मागे घेतला. त्या वेळी सोनीने काय केलं? एक छोटीशी चित्रफीत काढली. प्लेस्टेशनवर गेम उसना कसा द्यायचा? एक माणूस खोकं दुसऱ्याच्या हातात देतो. संपलं! सगळ्या जगाने टाळ्या वाजवल्या. आणि त्याच सोनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये आपला सगळ्यात महाग पीएस५ प्रो बाजारात आणला, तो डिस्क ड्राइव्हशिवाय. हवा असेल तर वेगळे पैसे भरून घ्या म्हणे. टाळ्या वाजवणारे सगळे कुठे गेले?

आणि दुकान बंद झालं की काय होतं तेही बघून झालंय. मार्च २०२१ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ चं ऑनलाइन दुकान बंद करायचं जाहीर केलं, ओरड झाल्यावर पुढच्याच महिन्यात निर्णय फिरवला. निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये वी यू आणि थ्रीडीएस ह्या दोन्ही यंत्रांची दुकानं खरोखरच बंद केली. जुलै २०२४ मध्ये एक्सबॉक्स ३६० चं दुकान बंद झालं. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवता येतील असं त्या वेळी सांगण्यात आलं. येतील, त्यांची मर्जी असेपर्यंत. पण जे गेम फक्त त्या दुकानातच होते ते नव्याने कोणाला रीतसर विकत घेता येत नाहीत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत, असं त्यांना आढळलं. शंभरातले सत्त्याऐंशी! पुस्तकांचं असं झालं असतं तर आपण मोर्चे काढले असते.

आता विरुद्ध बाजूचं बोलते, नाहीतर म्हणाल काकूंनी सोयीचं तेवढं सांगितलं.

पहिला आक्षेप: डिस्कवर तरी आता पूर्ण गेम कुठे असतो? बरोबर आहे. २०२२ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या पीएस५ डिस्कवर शंभर एमबीसुद्धा माल नव्हता, बाकी सगळं इंटरनेटवरून. स्विच २ हा कन्सोल जून २०२५ मध्ये आला, त्याच्या काही कार्डांत गेम नसतोच, नुसती किल्ली असते. पण त्या किल्लीचंही कार्ड उसनं देता येतं, विकता येतं. शिवाय काही डिस्क पोकळ निघतात म्हणून सगळ्याच सोडायच्या, हे काही अंडी नासकी निघतात म्हणून कोंबडीच विकण्यासारखं झालं. घेताना चौकशी करावी. जो गेम एकट्याने, इंटरनेटशिवाय, डिस्कवरून पुरा खेळता येतो, तो घ्यावा.

दुसरा आक्षेप: डिस्क असूनही गेम मरतो. हेही खरं. यूबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्या पळवण्याचा गेम २०१४ साली आला. तो सतत कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला लागे. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले, आणि डिस्कवाले नि डिजिटलवाले दोघेही हात चोळत बसले. त्यावरून रॉस स्कॉट ह्या गृहस्थाने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी केली. युरोपीय संघाकडे कायद्याची मागणी करणाऱ्या अर्जावर जुलै २०२५ मध्ये दहा लाखांवर सह्या झाल्या. त्यांचं मागणं साधं आहे: विकलेला गेम बंद करताना तो चालण्याजोग्या अवस्थेत सोडून जा. ह्यातून डिस्क निरुपयोगी ठरत नाही. डिस्कसुद्धा सर्व्हरच्या दावणीला बांधता येते, एवढंच ठरतं. म्हणून तर ती सोडवून घ्यायची.

तिसरा आक्षेप: गेम पाससारखी वर्गणी भरा, शेकडो गेम खेळा, मालकी हवी कशाला? वर्गणीला माझा विरोध नाही. मी आयुष्यभर वाचनालयाची सभासद आहे. पण वाचनालयात आपण पुस्तक परत करायचं आहे हे जाणून आणतो. आणि वाचनालय आहे म्हणून घरातलं पुस्तकांचं कपाट कोणी विकून टाकत नाही. गेम पासच्या सगळ्यात वरच्या वर्गणीचा अमेरिकेतला दर ऑक्टोबर २०२५ मध्ये महिना २० डॉलरवरून ३० डॉलरवर गेला. एका फटक्यात दीडपट. ज्याच्या घरात स्वतःचं कपाट होतं तो म्हणाला, "नको बाबा," आणि बंद करून मोकळा झाला. ज्याच्या घरात काहीच नव्हतं त्याने मुकाट्याने भरले.

चौथा आक्षेप चोरीचा. कुलपं घालावी लागतात कारण लोक चोरून गेम खेळतात, असं कंपन्या म्हणतात. चोरी आपल्याकडे किती बोकाळली होती हे मी बघितलंय, नव्वदच्या दशकात घराघरांतून नकली सीड्या फिरत. पण गंमत बघा. चोराने कुलूप तोडलेलं असतं, त्यामुळे त्याचा गेम सर्व्हर बंद झाला तरी चालतो. बंद पडतो तो पैसे मोजणाऱ्याचा. प्रामाणिक गिऱ्हाइकाला शिक्षा आणि चोराला बक्षीस, हा न्याय कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे.

असो. तापून बोलले, पण विषयच तसा आहे. प्रश्न गेमचा वाटतो, पण तसा तो नाही. आज गेम, उद्या पुस्तकं, परवा गाणी. गाण्यांचं तर झालंच आहे. कॅसेटी आणि सीड्या देऊन टाकल्या आणि आता दरमहा पैसे भरून तीच गाणी ऐकतो. वस्तू हातातून गेल्या की त्यांचं मोल कळेपर्यंत त्या मिळेनाशा होतात. आणि ह्यात कंपन्यांना नुसतं दोषी धरून चालणार नाही. आपण काय घेतो ते त्या बघतात. डिजिटल खपला की पुढच्या वेळी डिस्कवाला निघणारच नाही, आणि मग सांगतील, लोकांनाच नको होता!

तेव्हा दुकानात जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. यंत्रात डिस्क ड्राइव्ह आहे का? नसेल तर नंतर जोडता येतो का? (२०२३ च्या अखेरीस निघालेल्या बारीक पीएस५ ला जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, तेही आताच करून घ्या. एक्सबॉक्स सिरीज एसला मात्र तशी सोयच नाही.) जुन्या पिढीच्या डिस्क त्यावर चालतात का? पीएस५ वर पीएस४ च्या बहुतेक चालतात, त्याआधीच्या नाही. ड्राइव्ह असलेल्या सिरीज एक्सवर त्याहून जुन्याही बऱ्याच चालतात. आणि एकट्याने खेळताना इंटरनेट नसलं तर गेम चालतो का?

ह्यातलं काहीच जमत नसेल तर जुना संगणकच झाडून-पुसून वापरा. राजपुत्र त्याच्यावर अजून धावतो.

बाकी पेटी पांढरी घ्यायची की काळी, ते तुमचं तुम्ही ठरवा.